फुग्याच्या मोठ्या बाहीचा ड्रेस भरलेल्या अंगावर नीट बसवायचा कसा?

बोरीकाठ, अमळनेर

आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आमच्या घरी लग्न आहे आणि त्यासाठी मी माझ्या थोरल्या बहिणीचा ड्रेस शिवायला घेतला आहे. ड्रेस गुडघ्याखाली येणारा, कंबरेत जोड असलेला आणि मोठ्या फुग्याच्या बाहीचा आहे. ताई अंगाने भरलेली आहे. आजवर तिने शिवलेल्या प्रत्येक कपड्याची बाही दंड झाकण्यासाठीच होती. या वेळी तिने स्वतःहून सांगितले, की बाही अशी हवी की मांडवात शिरताच ती आधी नजरेत भरावी. तिच्या तोंडून असे काही मी पहिल्यांदाच ऐकले, म्हणून हे काम माझ्या हातून बिघडू नये असे मला मनापासून वाटते.

दोन वर्षांपूर्वी एका साखरपुड्यासाठी तिने असाच एक ड्रेस बाहेर शिवायला दिला होता. मापे घेताना छातीचे एकच माप घेतले गेले, ४६ इंच, आणि त्याच आकड्यावरून खांदा, पाठ, मुंढा (बाही जोडतात तो घेर) असे सगळे बेतले गेले. परिणामी खांद्याची शिलाई हाडावरून घसरून दंडावर आली. काखेत आवळते म्हणून ताईने तक्रार केली, तेव्हा मुंढा आणखी खाली उतरवून देण्यात आला. साखरपुड्याच्या दिवशी तिने औक्षणासाठी तबक उचलले आणि त्या क्षणी अख्खा ड्रेस कंबरेपासून वर ओढला गेला, मागून मुंढ्याची टीप दोन बोटे उसवली. घरी येऊन तिने ड्रेस उतरवला तेव्हा दोन्ही काखांत शिलाईचा लाल वळ उमटला होता. तिने तो ड्रेस घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवला आणि दोष मात्र स्वतःच्या अंगाला दिला. दोष कापण्यात होता, हे मी तिला तेव्हा सांगू शकले नाही, कारण मलाही ते नेमके कळले नव्हते.

आता थोडे कळू लागले आहे. खांदा हाडाचा असतो आणि छाती मांसाची. छाती भरली म्हणून खांद्याचे हाड रुंद होत नाही. म्हणून या वेळी मी तिची तीन मापे वेगवेगळी घेतली: काखेतून जाणारी वरची छाती ४१, भर छाती ४६ आणि छातीखाली ३९. खांदा १५, कंबर ४०, सीट (नितंबांचा घेर) ४९, दंड १७. वरची छाती आणि भर छाती यांत पाच इंचांचा फरक आहे. हा पाच इंचांचा फरक पुढच्या भागात सामावायचा कसा, आणि एवढी मोठी बाही लावल्यावर ती तासाभरात खाली न बसता उभी कशी राहील, या दोन गोष्टींवर जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

पांझरा, धुळे

ताई, तुम्ही वरची छाती वेगळी घेतली, यातच निम्मे काम झाले. मी तीस वर्षांहून अधिक काळ बायकांचे कपडे शिवतो आहे आणि शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी हेच सांगतो, की कपडा खांद्यावरून लटकतो, छातीवरून नाही. बाही साधी असेल तर खांद्याची अर्ध्या इंचाची चूक खपून जाते. बाही मोठी असेल तर तीच चूक दुप्पट दिसते, कारण सगळ्या चुन्यांचा भार त्या एका शिलाईवर येतो.

आता हिशेब करू. तयार कागदी नमुने बहुधा वरच्या आणि भर छातीत दोन इंचांचा फरक धरून काढलेले असतात. तुमच्या बहिणीसाठी वरच्या छातीत दोन मिळवून ४३ चा नमुना धरा. खांदा, गळा आणि पाठ त्यावर बरोबर बसतील. भर छातीला ४६ हवेत, म्हणजे तीन इंच कमी पडतात. ते तीन इंच पाठीला द्यायचे नाहीत, फक्त पुढच्या भागाला द्यायचे, म्हणजे पुढच्या अर्ध्या नमुन्यावर दीड इंच.

कागदावर छातीच्या उंचवट्याचा बिंदू खूण करा. त्या बिंदूपासून कंबरेपर्यंत एक सरळ रेघ ओढा, त्याच बिंदूपासून वर मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत एक तिरकी रेघ ओढा आणि बगलेच्या, म्हणजे काखेपासून कंबरेपर्यंतच्या, शिलाईकडून त्या बिंदूपर्यंत तिसरी रेघ ओढा. कंबरेकडून कापत वर जा, पण मुंढ्याच्या कडेला केसभर कागद न कापता राहू द्या, म्हणजे तो बिजागरीसारखा फिरेल. बगलेची रेघही बिंदूपर्यंत कापा आणि तिथे तसाच केसभर जोड ठेवा. मग बगलेकडचा तुकडा हळूच बाहेर सरकवा, उभ्या चिरेत दीड इंच जागा होईपर्यंत. बगलेत आपोआप एक फट उघडेल, तोच तुमचा बगलेचा टक्स, म्हणजे कापडाला गोलाई देणारी निमुळती शिवलेली घडी. बगलेकडचा भाग खाली उतरेल आणि मधला भाग आखूड पडेल. तेवढी पट्टी मधल्या भागाला खालून जोडून कंबरेची रेघ सरळ करा.

या रीतीत मुंढ्याची लांबी बदलत नाही, ही गोष्ट तुमच्या कामासाठी सगळ्यांत महत्त्वाची आहे. मुंढा तोच राहिला, म्हणजे बाहीचा मूळ नमुनाही तसाच लागू पडतो आणि त्यावर तुम्ही हवा तेवढा फुगा वाढवू शकता.

मुंढा खाली उतरवण्याबद्दलही लिहितो, कारण ही चूक आमच्या धंद्यात फार जुनी आहे. काखेत आवळते म्हटले की कारागीर कात्री घेऊन मुंढा खोल करतो. खरे तर मुंढा जितका काखेच्या जवळ, तितका हात मोकळा. तो खाली गेला की बगलेची शिलाई आखूड होते, बाही थेट कंबरेच्या कापडाला बांधली जाते आणि हात उचलताच सारा ड्रेस वर येतो. साखरपुड्यात नेमके हेच झाले. काखेत आवळत होते, ते छातीला पुढे कापड कमी पडल्यामुळे. मुंढ्याचा त्यात काही अपराध नव्हता.

गोमाई, शहादा

मला एक शंका आहे आणि ती मी आपुलकीने मांडते आहे. भरलेल्या अंगाच्या बाईने फुग्याची बाही घातली की ती आणखी रुंद दिसते, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माझीही छाती आणि दंड भरलेले आहेत, म्हणून मी कायम सरळ, कोपरापर्यंतची साधी बाहीच शिवते. एवढा खर्च आणि कष्ट करून ताईंना मांडवात अवघडल्यासारखे वाटू नये, एवढेच म्हणणे आहे.

बोरीकाठ, अमळनेर

गोमाईताई, तुमची काळजी कळते, कारण हेच वाक्य आमच्या घरातही तीन वेळा बोलून झाले आहे. पण ताईने रुंद दिसू नये हे माझे उद्दिष्टच नाही. ती जशी आहे तशी दिसावी आणि कपडा तिच्या अंगाशी भांडू नये, एवढेच मला हवे आहे. माझी आजी अहिराणीत म्हणायची, 'कापड आंगले बसाले जोयजे.' बसलेला कपडा घातलेली बाई ताठ उभी राहते, हात मोकळे हलवते, आणि मग ती किती इंचांची आहे हे कोणी मोजत बसत नाही.

तापीकाठ, भुसावळ

गोमाईताईंच्या शंकेत एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि ती टाकून देऊ नये. फुगा सरसकट रुंद दाखवत नाही. फुग्याचा सर्वांत रुंद भाग अंगाच्या ज्या उंचीवर येतो, तिथे रुंदी दिसते. आरशासमोर हात सैल सोडून उभे राहा. दंडाचा मधला भाग छातीच्या उंचवट्याच्या रेषेत येतो, कोपर जवळपास कंबरेच्या रेषेत येते आणि मनगट सीटच्या आसपास येते. म्हणून दंडाच्या मध्यावर पट्टी आवळून संपणारी आखूड फुग्याची बाही भर छातीच्या बाईला जड वाटते, कारण बाही, छाती आणि दुसरी बाही अशी एकच आडवी रेघ तयार होते. मनगटाशी फुगणारी लांब बाही तीच गोष्ट सीटपाशी करते.

४९ सीट आणि ४६ छाती असलेल्या बाईसाठी मी फुगा खांद्याच्या अगदी टोकाशी, वरच्या बाजूला ठेवीन, तिथून बाही हळूहळू निमुळती करीन आणि कोपराच्या किंचित खाली संपवीन. फुगा वर जातो, बाहीचा शेवट कंबरेच्या उंचीवर येतो आणि नजर तिथेच थांबते. अशा ड्रेसला कंबरेचा जोड अंगाच्या खऱ्या कंबरेवर हवा, दोन बोटे वर किंवा खाली नको.

आता बाही उभी राहण्याबद्दल. युरोपात १८३० च्या आसपास आणि पुन्हा १८९५ च्या सुमारास खांद्याशी प्रचंड फुगलेल्या आणि मनगटाकडे निमुळत्या होणाऱ्या बाह्यांची चाल होती. मेंढीच्या मांडीच्या आकारावरून त्यांना लेग ऑफ मटन म्हणत. १८३० च्या सुमारास या बाह्यांखाली पिसे भरलेल्या छोट्या उशा दंडाला बांधत असत. म्हणजे नुसत्या चुन्यांवर मोठी बाही उभी राहत नाही, तिला आतून आधार लागतो, हे तेव्हाच्या शिवणाऱ्यांनाही माहीत होते. आपल्या पोलक्याच्या फुग्याला आधार लागत नसे, कारण तो लहान असे आणि कापडाला खळ असे.

आपल्याला उशांची गरज नाही. कडक नायलॉन नेटची दहा इंच लांब आणि चार इंच रुंद पट्टी घ्या, ती लांबीत मधोमध दुमडून दोन इंचांची करा, उघड्या कडेला चुन्या घालून साधारण सहा इंचांवर आणा आणि बाही लावून झाल्यावर मुंढ्याच्या आतल्या मार्जिनला, खांद्याच्या शिलाईच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच अशी शिवून टाका. पट्टीचे तोंड बाहीच्या दिशेने हवे. नेट अंगाला टोचते, म्हणून तिच्यावर मलमलीची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी चढवा. ही पट्टी बाहेरून मुळीच दिसत नाही आणि फुगा पंगत संपेपर्यंत उभा राहतो.

कापडाचेही सांगते. आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा सिंथेटिक ऑर्गेंझा कितीही सुरेख उभा राहत असला तरी तो अंगावर घेऊ नये. सुती ऑर्गंडी तितकीच ताठ असते आणि तिच्यातून वारा खेळतो. अंगाच्या भागाला कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन, आत मलमलीचे अस्तर आणि बाहीला ऑर्गंडी, असे केले तर ताईंना दुपारी मांडवात बसता येईल. खळ घातलेल्या मलमलीची बाही मात्र करू नका. सकाळी ती फुलासारखी दिसते आणि घामाने दुपारपर्यंत दंडाला चिकटते. सगळे कापड कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवून घ्या.

गिरणा, चाळीसगाव

माझी बाही नेहमी मुंढ्यापाशी रुंद होते, पण वर उठत नाही. चुन्या खूप घालूनही ती दंडावर पालथी पडते. यात काय चुकत असेल? आणि एवढ्या बाहीच्या ड्रेसला एकूण कापड किती लागते?

पांझरा, धुळे

गिरणाताई, तुम्ही बाहीला फक्त रुंदी देत असाल, उंची देत नसाल. बाहीच्या कागदावर वरून खाली पाच उभ्या रेघा ओढून कापा, मोहरीच्या, म्हणजे बाहीच्या खालच्या तोंडाच्या, कडेला जोड ठेवा आणि वरून पंख्यासारखे पसरवा. ही झाली रुंदी. त्यानंतर बाहीच्या वरच्या गोलाची मधली उंची दीड ते दोन इंचांनी वाढवा आणि नवा गोल काढा. वाढवलेल्या उंचीशिवाय चुन्यांना उठायला कापडच उरत नाही. चुन्या सगळ्या मुंढ्याभर पसरवू नका. खांद्याच्या शिलाईच्या पुढे-मागे साधारण तीन-तीन इंचांतच त्या बसवा आणि काखेकडचा भाग सपाट ठेवा, नाहीतर काखेत कापडाचा गोळा होतो. चुन्यांसाठी मशीनची लांब टीप दोन ओळींत मारा. एका ओळीने चुन्या सारख्या बसत नाहीत.

आणखी एक. फुग्याच्या बाहीसाठी खांद्याची शिलाई दोन्ही बाजूंनी अर्धा इंच आत घ्यायची असते. फुगा खांद्याच्या हाडावर टेकला पाहिजे. तो हाडाच्या पलीकडे सुरू झाला की त्याला खालून टेकू मिळत नाही आणि तो पडतो.

४४ इंच पन्ह्याच्या कापडात गुडघ्याखालच्या घेराच्या ड्रेसला बाह्यांसह साडेचार मीटर धरा. बाही वेगळ्या कापडाची असेल तर तिला सव्वा ते दीड मीटर वेगळे घ्या आणि अंगाच्या कापडातून तेवढे वजा करा.

बोरीकाठ, अमळनेर

दादांच्या आणि तापीकाठताईंच्या सूचनांप्रमाणे मी गेल्या चार दिवसांत आधी मांजरपाटाचा ड्रेस शिवून पाहिला. प्रताप मिलच्या गावात वाढलेल्या माझ्या आजीला मांजरपाट हे घराघरात लागणारे कापड होते. मी ते आज पहिल्यांदा खडूच्या खुणांनी भरलेले पाहिले. टीप लांब मारली, म्हणजे उसवायला सोपे जावे.

ताईला घालायला दिला आणि आधी नुसते पाहत राहिले. खांदा हाडावर बसला होता. पाठ सपाट होती. तिला मी तबक उचलायला लावले, तेच साखरपुड्याचे तबक, आणि ड्रेस कंबरेवर जिथे होता तिथेच राहिला. तिने दोन वेळा हात वरखाली करून स्वतःची खात्री करून घेतली आणि मग तबक खाली न ठेवता तशीच आरशाकडे वळली.

दोन गोष्टी मात्र बिघडल्या आहेत. छातीच्या उंचवट्यापासून काखेकडे जाणारी एक तिरकी घडी दोन्ही बाजूंना पडते आणि बगलेच्या टक्सचे टोक अणकुचीदार दिसते. टक्स मी उंचवट्याच्या बिंदूपासून अर्धा इंच अलीकडे थांबवला होता. शिवाय कोपराखालची पट्टी उभ्याने बरोबर वाटते, पण ती पाटावर बसून हात दुमडते तेव्हा पट्टी आवळते.

पांझरा, धुळे

पट्टीचे माप हात सरळ ठेवून घेतले असणार. कोपर पूर्ण दुमडून माप घ्या आणि त्यावर एक इंच सैल ठेवा. सरळ आणि दुमडलेल्या हातात कोपरापाशी बराच फरक पडतो, आणि भरलेल्या हाताला तो अधिक जाणवतो.

टक्सचे टोक भर छातीला दीड ते दोन इंच अलीकडे थांबवा. छातीचा उंचवटा गोल असतो. टक्स अगदी बिंदूपर्यंत नेला की कापडाला तिथे टोक येते. शेवटचे तीन-चार टाके घडीच्या कडेला समांतर चालवून बाहेर काढा, उलट टीप मारू नका, दोऱ्याची हाताने गाठ घाला. तुमचा टक्स दीड इंच उघडल्यानंतर फार रुंद झाला असेल, तर त्यातला अर्धा भाग कंबरेच्या टक्समध्ये फिरवून घ्या. एका मोठ्या टक्सपेक्षा दोन मध्यम टक्स भर छातीवर अधिक गोल बसतात. तुम्हाला प्रिन्सेस कट (टक्सऐवजी छातीवरून जाणारी उभी वळणदार शिलाई) जमत असेल तर तो याहून उत्तम, पण वळणाच्या शिलाईला जवळजवळ कात्रे देऊन इस्त्री फळीवर नव्हे, गुंडाळलेल्या टॉवेलवर करावी लागते.

तिरकी घडी ही कापडाची तक्रार असते. घडी जिकडे बोट दाखवते तिथे कापड कमी पडते. उंचवट्याकडून काखेकडे जात असेल तर छातीला अजून थोडे हवे आहे. प्रत्येक बाजूला पाव इंच आणखी उघडून पाहा. घडी काखेतच गोळा होत असेल आणि छाती मोकळी असेल, तर मुंढ्याच्या पुढच्या वळणात कापड जास्त आहे, तिथे एक बारीक चिमूट घ्या आणि ती चिमूट कागदावर टक्समध्ये फिरवा. कोणते आहे ते ताईंना श्वास भरून उभे करून कळेल.

गोमाई, शहादा

मी काल रात्री स्वतःचीही वरची छाती मोजली. भर छातीशी साडेचार इंचांचा फरक निघाला. माझ्या प्रत्येक कुर्त्याचा खांदा का घसरतो आणि मी दर वेळी ओढणी त्यावर पिनने का अडकवते, ते मला इतक्या वर्षांनी समजले. बोरीकाठताई, तुमचा कागदी नमुना झाला की त्याची रीत अशीच सविस्तर लिहा. मी आखाजीला माहेरी येते तेव्हा शांतपणे बसून कापीन.

बोरीकाठ, अमळनेर

श्वास भरून पाहिले. घडी छातीकडेच ओढली गेली, म्हणून प्रत्येक बाजूला पाव इंच आणखी उघडले आणि बगलेच्या टक्सचा अर्धा भाग कंबरेत फिरवला, घडी गेली. टक्स पावणेदोन इंच अलीकडे थांबवला आहे. पट्टी हात दुमडून मोजली तर सव्वा इंचाचा फरक निघाला.

अंगासाठी डाळिंबी कॅम्ब्रिक आणि बाहीसाठी त्याच रंगाची सुती ऑर्गंडी जळगावच्या फुले मार्केटातून आणली, दोन्ही तापीकाठताईंनी सांगितल्याप्रमाणे पाण्यातून काढून सकाळी गच्चीवर वाळत घातली, आणि ऑर्गंडी ओली असतानाच मऊ पडते का ते पाहत होते, पण वाळल्यावर इस्त्री फिरवली की तिचा ताठपणा परत आला. ताईने एक तुकडा खांद्यावर धरून पाहिला आणि विचारले, की फुगा अजून एक इंच वर नेता येईल का. मी बाहीच्या कागदावर गोलाची वाढीव उंची दोनावरून तीन इंचांवर नेली आहे आणि नेटची पट्टी त्या मानाने दुमडल्यावर अडीच इंच रुंद राहील अशी कापते आहे. उद्या सकाळी ऊन चढण्याआधी कापायला बसेन.